घरकुलाचा पैसा कुठे अडतो? : वाचकांची पत्रे आणि उत्तरे

घरकुल योजनांबद्दल आलेल्या पत्रांपैकी एकसारखे प्रश्न आम्ही एकत्र केले आहेत. नावे छापलेली नाहीत, जिल्हा तेवढा दिला आहे. वेगळा उल्लेख नसेल तिथे रकमा ग्रामीण, सपाट भागातल्या आहेत आणि राज्य शासनाचे २०२५ पर्यंतचे निर्णय धरून दिल्या आहेत.

‘प्रपत्र ड’च्या यादीत आमचे नाव आहे. आमच्या मागे नाव असलेल्याला घरकुल मिळाले, आम्हाला मात्र “उद्दिष्ट आले की होईल” एवढेच सांगतात. हे उद्दिष्ट म्हणजे नेमके काय? (जालना)

यादीत नाव असणे म्हणजे पात्रता मान्य होणे. मंजुरी त्यानंतरची पायरी आहे आणि ती उद्दिष्टावर चालते. दरवर्षी केंद्राकडून राज्याला घरांचा आकडा येतो. तो जिल्हा, तालुका आणि गाव असा खाली उतरतो, आणि उतरताना प्रवर्गनिहाय वाटला जातो. प्रधानमंत्री आवास योजना ग्रामीणमध्ये देशपातळीवर ६० टक्के घरे अनुसूचित जाती-जमातींसाठी राखीव असतात आणि ५ टक्के दिव्यांगांसाठी धरण्याचे धोरण आहे. अल्पसंख्याकांचे उद्दिष्टही वेगळे काढतात. त्यामुळे गावाच्या एकत्र यादीत तुमच्या खाली असलेला माणूस त्याच्या प्रवर्गात पहिला असू शकतो. तसे असेल तर त्याला आधी मिळाले यात गैर काही नाही.

गैर कुठे होते, तर एकाच प्रवर्गात क्रम उडवला जातो तेव्हा. प्रवर्गाच्या आत क्रम ठरलेला आहे: आधी बेघर, मग कच्च्या घरात खोलीच नसलेले, मग एक खोलीवाले, मग दोन खोल्यांवाले. निराधार, वेठबिगारीतून मुक्त झालेले, हाताने मैला वाहून नेणारे आणि आदिम जमातींची कुटुंबे या सगळ्यांच्या आधी. ग्रामपंचायतीकडे दोन कागद मागा: ग्रामसभेच्या ठरावासह मंजूर झालेली प्राधान्यक्रम यादी आणि गावाला आलेल्या प्रवर्गनिहाय उद्दिष्टाचे पत्र. दोन्ही शेजारी ठेवले की कुणाचा क्रम उडाला ते दिसते. उडाला असेल तर लेखी हरकत गटविकास अधिकाऱ्यांकडे द्या आणि दुसऱ्या प्रतीवर पोच घ्या. ग्रामसभेने नावच वगळले असेल तर जिल्हा पातळीवरच्या अपील समितीकडे दाद मागता येते. तोंडी तक्रारीला सरकारी दफ्तरात जागा नसते.

केंद्राच्या यादीवरच बसून राहू नका. अनुसूचित जाती व नवबौद्धांसाठी रमाई, अनुसूचित जमातींसाठी शबरी, विमुक्त-भटक्यांसाठी यशवंतराव चव्हाण मुक्त वसाहत आणि इतर मागासवर्गीयांसाठी २०२३ मध्ये सुरू झालेली मोदी आवास, या राज्याच्या योजनांचे उद्दिष्ट वेगळे येते. लाभ मात्र कुटुंबाला एकदाच. एका योजनेत घर मंजूर झाले की दुसऱ्या यादीतून नाव कमी होते.

घरात मोटारसायकल आणि जुना फ्रीज आहे. सर्वेक्षणाला आलेल्या माणसाने “तुमचे बसणार नाही” असे सांगितले. (सोलापूर)

जुन्या निकषांत ते खरे होते. आवास प्लस २०२४ च्या सर्वेक्षणासाठी निकष तेरावरून दहावर आणले गेले, त्यात दुचाकी, फ्रीज आणि लँडलाइन फोन गळाले. आता बाद करणाऱ्या गोष्टी अशा: तीनचाकी किंवा चारचाकी वाहन, ट्रॅक्टरसारखे यांत्रिक शेती अवजार, ५० हजार किंवा त्याहून जास्त मर्यादेचे किसान क्रेडिट कार्ड, घरात सरकारी नोकर, नोंदणीकृत बिगरशेती उद्योग, कुणाचीही महिन्याची कमाई १५ हजारांच्या वर, प्राप्तिकर, व्यवसाय कर, अडीच एकर किंवा जास्त बागायत, पाच एकर किंवा जास्त कोरडवाहू.

किसान क्रेडिट कार्डाच्या निकषात लोक फसतात. थकबाकी किती आहे हे पाहत नाहीत, कार्डाची मर्यादा पाहतात. कर्ज पूर्ण फेडलेले असले तरी बँकेच्या नोंदीत मर्यादा तशीच उभी असते. कार्ड वापरत नसाल तर ते बंद करून बँकेचा दाखला घ्या.

आम्ही भूमिहीन. गायरानात वीस-बावीस वर्षांपासून झोपडी आहे. घरकुल मंजूर झाले, पण “जागा दाखवा नाहीतर नाव रद्द” अशी नोटीस आली. (बीड)

आधी नोटिशीला लेखी उत्तर द्या: ‘भूमिहीन आहे, जागा मिळावी.’ योजनेच्या नियमांनुसार भूमिहीन लाभार्थ्याला जागा मिळवून देणे ही राज्याची जबाबदारी आहे. जागा नाही एवढ्या कारणावरून परस्पर नाव काढता येत नाही. उत्तर न देणाऱ्याचे नाव मात्र ‘इच्छुक नाही’ या रकान्यात टाकून मोकळे होतात. बहुतेक भूमिहीनांचे घरकुल इथेच संपते.

जागेचे मार्ग तीन. पहिला, अतिक्रमण नियमानुकूल करणे. १६ फेब्रुवारी २०१८ च्या शासन निर्णयाने ग्रामीण भागात सरकारी जमिनीवरची १ जानेवारी २०११ पूर्वीची निवासी अतिक्रमणे नियमित करण्याची वाट काढली. पुरावा जुना लागतो. ग्रामपंचायतीच्या अतिक्रमण नोंदवहीतला उतारा, घरपट्टीची पावती, वीजबिल, मतदार यादीतला पत्ता, यातले जेवढे सापडेल तेवढे जोडा. गायरानाची गोष्ट मात्र अवघड आहे. सर्वोच्च न्यायालयाने २८ जानेवारी २०११ रोजी जगपाल सिंग प्रकरणात गावाच्या सामाईक जमिनींवरची अतिक्रमणे काढायला सांगितली आणि त्याला धरून राज्याने १२ जुलै २०११ चा निर्णय काढला. त्याच निकालात अपवादही आहे: सरकारी अधिसूचनेने भूमिहीन मजुरांना किंवा अनुसूचित जाती-जमातींच्या लोकांना पट्ट्याने दिलेली जमीन. तुमच्या वडिलांना कधी पट्टा मिळाला होता का, हे तहसील कार्यालयाच्या अभिलेख कक्षात शोधा. पट्टा नसेल तर गायरानावर घर उभे करून अडकू नका.

दुसरा मार्ग, गावठाणातली मोकळी सरकारी जागा. ग्रामसभेत ठराव घेऊन प्रस्ताव तहसीलदारांमार्फत जिल्हाधिकाऱ्यांकडे जातो. वेळ लागतो, पण खर्च नाही. नोटीस आली त्याच महिन्यात हा ठराव करून घ्या.

तिसरा मार्ग, विकत घेणे. पंडित दीनदयाळ उपाध्याय घरकुल जागा खरेदी अर्थसहाय्य योजनेत ५०० चौरस फुटांपर्यंतच्या जागेला पूर्वी ५० हजार मिळत, आता कमाल १ लाख मिळतात, किंवा जागेची प्रत्यक्ष किंमत कमी असेल तर तेवढे. यातला खड्डा असा की गुंठा १,०८९ चौरस फुटांचा आणि तुम्हाला हवी असते जेमतेम अर्धा गुंठा. शेतजमिनीतला एवढा तुकडा विकायला तुकडेबंदी कायद्याने बंदी होती. २०२४ च्या नियमदुरुस्तीने ग्रामीण घरकुलासाठी सवलत दिली, पण जिल्हाधिकाऱ्यांच्या मंजुरीने. मंजुरी हातात येण्याआधी विसार देऊ नका आणि नुसत्या स्टॅम्पपेपरवर ‘व्यवहार’ तर अजिबात करू नका. असा कागद दुय्यम निबंधकाकडे चालत नाही, घरकुलाच्या फायलीत तर नाहीच. चार-पाच भूमिहीन कुटुंबे मिळून सलग जागा पाहिली तर मालक विकायला लवकर तयार होतो आणि रस्त्याचा प्रश्नही एकदाच सुटतो.

घरकुल माझ्या नावावर आले, जागा सासऱ्यांच्या नावावर आहे. ते हयात आहेत, त्यांची हरकत नाही. कागद काय करायचे? (सातारा)

ताई, घर बाईच्या किंवा नवरा-बायकोच्या दोघांच्या नावावर असावे हाच योजनेचा दंडक आहे. विधुर, अविवाहित किंवा विभक्त पुरुष असे काही अपवाद. सासऱ्यांचे नोंदणीकृत बक्षीसपत्र सर्वांत भक्कम. त्यातही एक बारकावा आहे. राहत्या घराची किंवा शेतीची मिळकत मुलाला बक्षीस दिली तर मुद्रांक शुल्क २०० रुपये, हयात मुलाच्या बायकोला दिली तर ही सवलत लागत नाही. म्हणून बक्षीसपत्र तुमच्या यजमानांच्या नावे करा आणि नंतर नमुना ८ ला दोघांची नावे लावा. स्थानिक अधिभार किती ते निबंधक कार्यालयात आधी विचारा.

एवढ्यात जमत नसेल तर बऱ्याच पंचायत समित्या सासऱ्यांचे संमतिपत्र घेऊन मंजुरी देतात. मंजुरीपुरते ते चालते. उद्या दिरांशी वाटणीवरून वाद झाला तर टिकत नाही. आणि नमुना ८ हा कर आकारणीचा उतारा आहे, मालकीचा दाखला नव्हे. गावात स्वामित्व योजनेची ड्रोन मोजणी झाली असेल तर मिळकत पत्रिका काढून घ्या.

पहिला हप्ता १५ हजारांचा आला. खोदाईतच तो संपला. जोत्याशिवाय दुसरा हप्ता नाही आणि पैशाशिवाय जोते नाही. काय करावे? (परभणी)

सर्वांत जास्त पत्रे याच प्रश्नाची आहेत, म्हणून जरा सविस्तर.

आधी पैशाचा हिशेब. सपाट भागात मूळ अनुदान १ लाख २० हजार (डोंगराळ व नक्षलग्रस्त भागात १ लाख ३० हजार), यात केंद्र ६० आणि राज्य ४० टक्के. योजनेच्या दुसऱ्या टप्प्यासाठी राज्याने २०२५ मध्ये ५० हजार वाढवले, त्यातले ३५ हजार बांधकामाला आणि १५ हजार छतावर सौर संच बसवला तरच. रोजगार हमीतून ९० दिवसांची मजुरी, २०२५-२६ च्या ३१२ रुपये दराने २८,०८० रुपये. शौचालयाचे १२ हजार, पूर्वी घेतले नसतील तर. सौर सोडून बेरीज १ लाख ९५ हजार ८० रुपये. ही बेरीज कागदावर चांगली दिसते, पण प्रत्येक रक्कम वेगळ्या दाराने आणि काम झाल्यावर येते. अनुदान आगाऊ मिळेल असे धरून खोदाई काढली की परभणीसारख्या काळ्या मातीत हमखास अडकायला होते.

काळी माती पावसात फुगते, उन्हाळ्यात आकसते. पाया तिच्यावरच टेकवला तर दोन वर्षांत दाराच्या कोपऱ्यातून तिरकी भेग जाते. म्हणून मुरूम लागेपर्यंत खोदावेच लागते. आता १८ बाय १५ फुटांचे घर धरा, म्हणजे २७० चौरस फूट. योजनेत किमान २५ चौरस मीटर, म्हणजे २६९ चौरस फूट लागतात. बाहेरच्या भिंती ६६ फूट आणि मधली एक आडवी भिंत १५ फूट, एकूण चर ८१ फूट. चर अडीच फूट रुंद असेल तर प्रत्येक फूट खोलीला सुमारे २०० घनफूट, म्हणजे दोन ब्रास खोदाई, आणि त्या जागी जवळपास तेवढाच दगड. मुरूम तीन फुटांऐवजी पाच फुटांवर लागला तर चार ब्रास जास्तीचे. जागा ठरवण्याआधी दोन कोपऱ्यांत पहारीने खड्डा घेऊन मुरूम किती खोल आहे ते बघा. शेजारच्याच्या विहिरीवरून अंदाज बांधू नका.

जोत्याच्या आतली भर दोन फूट उंचीला साधारण चार ब्रास, दाबल्यावर बसते म्हणून पाच ब्रास मुरूम धरा. सहा-सहा इंचांचे थर देऊन, पाणी मारून धुमसायचे. एकदम भरून टाकली तर पहिल्याच पावसाळ्यात फरशी खचते.

मधली भिंत ‘फुकटचा खर्च’ म्हणून बरेच जण गाळतात. ती गाळली की स्लॅबला आधाराशिवाय १५ फूट झेप घ्यावी लागते, जाडी वाढवावी लागते आणि लोखंड बरेच जास्त लागते. भिंत ठेवली तर झेप ९ फुटांवर येते. मग चार-साडेचार इंचांचा स्लॅब पुरतो, छज्ज्यासह तीन घनमीटरच्या आसपास काँक्रीट, २४-२५ गोणी सिमेंट आणि अडीचशे किलोच्या आत-बाहेर लोखंड. भिंतींना नऊ इंची बांधकामात सुमारे साडेसात हजार विटा. हे आकडे घेऊन दुकानदाराकडे गेलात तर गवंड्याच्या ‘एवढं लागतंच’ला उत्तर देता येते.

स्लॅबच हवा असा नियम नाही, हेही पुष्कळांना ठाऊक नसते. पक्के, टिकाऊ छत हवे. चांगल्या कैच्यांवर पत्रा किंवा कौले चालतात आणि पैसे थोडे असताना पत्र्याखाली पूर्ण झालेले घर अर्धवट स्लॅबपेक्षा हजारपट बरे. घर मोठे काढू नका. मंजुरी मिळाल्यावर भाऊबंदांच्या आग्रहाने ४५० फुटांचे जोते घालायचे आणि लिंटेलला येऊन थांबायचे, असे प्रकार प्रत्येक तालुक्यात आहेत.

जोत्यापर्यंतचा तुटवडा भरायला तीन गोष्टी आहेत. घरकुल लाभार्थ्याला ५ ब्रासपर्यंत वाळू मोफत आहे. तहसीलदारांकडून पास घ्या, वाहतुकीचे भाडे तुमचे. बँकेकडून ७० हजारांपर्यंत कर्ज मिळवून देण्याची तरतूद योजनेतच आहे, पण बँक स्वतःहून देत नाही, बायको बचत गटात असेल तर त्या मार्गाने लवकर होते. तिसरे, खोदाई आणि भरीचे काम रोजगार हमीच्या हजेरीत स्वतः करा. ठेकेदाराला काम द्यायला योजनेत मनाई आहे. ‘हप्ते माझ्या खात्यात घाल, घर मी बांधून देतो’ म्हणणाऱ्याला दारातूनच परत पाठवा.

जोते होऊन दोन महिने झाले. फोटोही काढून नेला. पंचायत समिती म्हणते “पैसे टाकले”, बँक म्हणते “आले नाहीत”. (यवतमाळ)

दोघेही खरे बोलत असतील. पैसा कसा प्रवास करतो ते पाहा. गृहनिर्माण अभियंता मोबाइल ॲपवर जोत्याचा फोटो घेतो, त्यात तुम्ही उभे असावे लागता आणि ठिकाणाचे अक्षांश-रेखांश आपोआप नोंदले जातात, यालाच टॅगिंग म्हणतात. ते पहिल्या टॅगिंगशी जुळावे लागतात. मंजुरीच्या वेळी जुन्या झोपडीजवळ टॅग केले आणि घर दुसरीकडे बांधले, तर फोटो मंजूर होत नाही. तो झाला की आवाससॉफ्ट या योजनेच्या संगणक प्रणालीवर हप्त्याचा आदेश तयार होतो. त्यावर तालुक्याला दोन अधिकाऱ्यांच्या डिजिटल सह्या लागतात. एक रजेवर गेला किंवा बदलून गेला की नवी सही चढेपर्यंत सगळ्या गावांचे हप्ते थांबतात. पुढे पीएफएमएस या केंद्राच्या पैसे वाटपाच्या प्रणालीतून पैसा खात्यात.

‘पैसे टाकले’ म्हणजे बहुधा आदेशावर सह्या झाल्या, एवढेच. तुम्ही तीन गोष्टी विचारा: आदेशाचा क्रमांक आणि तारीख, पीएफएमएसमध्ये स्थिती ‘जमा’ आहे की ‘नाकारले’, नाकारले असेल तर कारण. नाकारण्याची नेहमीची कारणे म्हणजे खाते वर्षानुवर्षे न वापरल्याने बंद पडलेले, केवायसी अपुरी, बँकेचे विलीनीकरण होऊन आयएफएससी बदललेला, आधार आणि पासबुकावरच्या नावात फरक.

‘जमा’ दाखवत असेल आणि पासबुकात नसेल तर आधार बघा. आधारवरून येणारा पैसा तुम्ही फॉर्मवर लिहिलेल्या खात्यात जात नाही, आधार शेवटी ज्या बँकेशी जोडला त्या खात्यात जातो. मोबाइल रिचार्जवाल्याकडे कधीतरी अंगठा देऊन पेमेंट बँकेचे खाते उघडले गेले असेल तर हप्ता तिथे पडून असतो. कोणत्या बँकेशी आधार जोडले आहे ते आधारच्या संकेतस्थळावर किंवा सेवा केंद्रात दोन मिनिटांत कळते.

एवढ्यावर न उलगडल्यास माहिती अधिकाराचा अर्ज करा, दहा रुपये शुल्क, तीस दिवसांत उत्तर. ‘माझा हप्ता का दिला नाही’ असे विचारू नका. ‘का’चे उत्तर द्यायला ते बांधील नाहीत. आदेशाची प्रत, टॅगिंगचा दिनांक आणि पीएफएमएसच्या उत्तराची प्रत मागा. असा अर्ज टेबलावर पडला की हप्ता कित्येकदा उत्तराच्या आधी येतो.

रोजगार हमीचे ९० दिवस घर बांधून झाल्यावर एकदम मागता येतात का? (नंदुरबार)

नाही. मजुरी हजेरीपटावर निघते आणि हजेरीपट कामाचा सांकेतांक पडल्यावरच निघतो. सांकेतांकाआधी केलेले काम मोजत नाहीत. मंजुरीपत्र मिळाले त्याच आठवड्यात जॉबकार्ड घेऊन ग्रामरोजगार सेवकाकडे जा आणि लेखी काम मागणी करा. जॉबकार्डवर बायकोचे, मुलाचे नाव हवे. हे ९० दिवस घराच्या टप्प्यांवर विभागलेले असतात, म्हणून जोत्याचे दिवस स्लॅबच्या वेळी वसूल होत नाहीत. डोंगराळ भागात ९५ दिवस मिळतात, तुमचा तालुका त्यात येतो का ते विचारा.

आणि हो, आपल्या घराच्या हजेरीपटावर भलत्याचीच नावे चढलेली सापडतात. पट ऑनलाइन सगळ्यांना दिसतो. गावातल्या शिकलेल्या पोराला बघायला सांगा.

दिवाळीनंतर आम्ही ऊसतोडीला जातो, येतो ते उन्हाळ्यात. मग “बांधकाम सुरू नाही” म्हणून नोटीस. (बीड, अहिल्यानगर)

मंजुरीपासून बारा महिन्यांत घर पूर्ण करायचे असते, त्यातले पाच-सहा महिने तुमचे फडावर जातात. नियमात हंगामी स्थलांतराची वेगळी सूट नाही, ती असायला हवी. ती येईपर्यंत वेळापत्रक उलटे लावा. जाण्यापूर्वी जोते आणि त्याचे टॅगिंग उरका. टॅगिंगला तुम्ही जागेवर लागता, मागे राहिलेल्या म्हाताऱ्या आईचा फोटो चालत नाही. घरकुल तिच्या नावावर असेल तरच चालतो. मग दुसरा हप्ता तुम्ही फडावर असताना जमा होईल आणि परत येताच विटकाम सुरू करता येईल. मुकादमाच्या उचलीतून घर बांधायला घेऊ नका. उचल पुढच्या हंगामावर चढते आणि घराचा हप्ता त्यात जातो.

निघताना ग्रामपंचायतीला स्थलांतराचा अर्ज द्या, साखर कारखान्याचे नाव आणि परतीचा महिना लिहून. फायलीत तो असला की ‘इच्छुक नाही’ म्हणून नाव उडवताना हात अडखळतो. उन्हाळ्यात स्लॅब घालणार असाल तर पाण्याची सोय आधी. कडेने मातीचे बांध घालून दहा ते चौदा दिवस पाणी साठवावे लागते आणि सेंट्रिंगचे टेकू चौदा दिवस काढायचे नाहीत. भाड्याच्या प्लेटा वाचवायला पाचव्या दिवशी टेकू काढलेले स्लॅब पुढे पोट सोडतात.

आमची कातकरी वाडी खासगी मालकाच्या जमिनीवर आहे, काही घरे वनखात्याच्या हद्दीत. पीएम जनमनमध्ये घरे आली पण जागेवरून थांबली. (रायगड)

महाराष्ट्रात कातकरी, कोलाम आणि माडिया गोंड या तीन जमाती आदिम म्हणून नोंदल्या आहेत. नोव्हेंबर २०२३ मध्ये सुरू झालेल्या पीएम जनमनमध्ये त्यांना घरासाठी २ लाख मिळतात, रोजगार हमी आणि शौचालयाचे पैसे वेगळे. पैशाची अडचण कमी, जागेची जास्त.

खासगी जमिनीवरच्या वाडीसाठी जमीन महसूल संहितेचे कलम १२२ वापरा. त्याखाली जिल्हाधिकारी गावठाणाची हद्द ठरवू शकतात, आणि वाड्या गावठाणात आणण्याचे प्रस्ताव रायगडमध्ये याच कलमाखाली झाले आहेत. ग्रामसभेचा ठराव, घरांची मोजणी आणि जुन्या वास्तव्याचे पुरावे असा संच प्रांताधिकाऱ्यांकडे द्या. मालक ‘राहा की, कोण उठवतंय’ म्हणतो त्यावर थांबू नका. तोंडी परवानगीवर मंजुरी निघत नाही.

वनहद्दीतल्या घरांना वनहक्क कायदा २००६ आहे. १३ डिसेंबर २००५ पूर्वीपासूनचा ताबा असेल तर राहण्यासाठीचा हक्कही मागता येतो, केवळ शेतीचा नव्हे. दावे भरताना बहुतेकांनी शेताचाच भरला आणि झोपडीखालची जागा लिहायची राहिली. अनुसूचित क्षेत्रात असाल तर राज्यपालांची २३ सप्टेंबर २०२० ची अधिसूचना लगतच्या वनक्षेत्रात घरासाठी जागा देण्याची वाट देते. इतर जिल्ह्यांतल्यांनी आपली वाडी अनुसूचित क्षेत्रात येते की नाही हे आदिवासी प्रकल्प कार्यालयातून लेखी घ्यावे. रायगड जिल्हा त्यात नाही.

जातीचा दाखला नसलेल्यांनी वीटभट्टीवर जाण्यापूर्वी शिबिरात अर्ज द्यावा. एका घराचा दाखला निघाला की रक्ताच्या नात्यातल्यांचे काम सोपे होते.

शहरात, नगरपालिकेच्या हद्दीत राहतो. गावच्या घरकुलाची रक्कम इथे मिळते का? (लातूर)

नाही, योजना वेगळी. शहरी योजनेचा दुसरा टप्पा सप्टेंबर २०२४ पासून आहे. स्वतःच्या जागेवर बांधणाऱ्याला केंद्राचे दीड लाख आणि राज्याचे एक लाख मिळतात. वार्षिक उत्पन्न ३ लाखांपर्यंत, घर ३० ते ४५ चौरस मीटर, कुटुंबाचे देशात कुठेही पक्के घर नको आणि मागच्या वीस वर्षांत दुसऱ्या गृहयोजनेचा लाभ घेतलेला नको. गावाकडे वडिलांच्या नावाने घरकुल घेतले असेल तर घाबरू नका. कुटुंब म्हणजे नवरा, बायको आणि अविवाहित मुले. लग्न झालेला मुलगा वेगळे कुटुंब धरला जातो.

झोपडपट्टीत राहणाऱ्यांना इथेही आधी पट्टा लागतो. बांधकाम परवाना काढल्याशिवाय पाया घालू नका, नगरपालिका फाईल तिथेच थांबवते.

टॅगिंगला येणारा माणूस दर फेरीला पैसे मागतो. नाही दिले तर फोटो ‘अपलोड होत नाही’. (नाव, जिल्हा न छापण्याची विनंती)

टॅगिंग, मंजुरी, हप्ता, कशालाही शुल्क नाही. लाचलुचपत प्रतिबंधक विभागाचा टोल फ्री क्रमांक १०६४. पैसे देण्याच्या आधी फोन करा. सापळा आधी लावावा लागतो, देऊन झाल्यावर पुरावा उरत नाही. मागणीचे बोलणे फोनमध्ये नोंदवून ठेवा.

तक्रार करायची भीती वाटत असेल तर निदान हे करा. ज्या दिवशी टप्पा पूर्ण झाला त्याच दिवशी गटविकास अधिकाऱ्यांच्या नावे एका ओळीचा अर्ज द्या, ‘जोते पूर्ण, अमुक तारीख, टॅगिंग व्हावे’, आणि आवक क्रमांक घ्या. तारीख कागदावर चढली की उशीर कुणामुळे झाला हे त्या कागदावरूनच सांगता येते. प्रत्येक टप्प्याला असा अर्ज द्या. घर पूर्ण झाल्यावर शेवटच्या हप्त्यालाही द्या, कारण छत पडले की लोक पाठपुरावा सोडतात आणि शेवटचा हप्ता वर्ष-दीड वर्ष तसाच राहतो.